थेरपिस्टकडे निकाल नको, प्रसंग ने

प्रिय मित्रा,

बायकोशी होणाऱ्या भांडणांसाठी ऑनलाइन थेरपी घ्यायचं ठरवलंस, बरं केलंस. पण पैसे भरायच्या आधी माणूस तपासून घे. ‘रिलेशनशिप कोच’ अशी पाटी कुणीही लावू शकतो, दोन दिवसांचं वर्कशॉप करूनसुद्धा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडचा नोंदणी क्रमांक माग. नुसत्या मागण्यावरून कुणी रागावलं तर दुसरा बघ. काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्टकडे ही नोंदणी असेलच असं नाही. त्यांना शिक्षण विचार, जोडप्यांबरोबर किती वर्षं काम केलंय ते विचार, आणि अवघड केस वरिष्ठांशी बोलून घेतात का, हेही विचार. अनुभवी माणूस या प्रश्नांना सरळ उत्तरं देतो. गोळ्या लागल्या तर त्या सायकिॲट्रिस्ट, म्हणजे मनोविकारांचा डॉक्टर देईल, सायकॉलॉजिस्ट नाही. थेरपिस्ट पुण्यात बसलाय की मुंबईत, याने फरक पडत नाही. मराठीत बोलणारा असला तर उत्तम, कारण तुमची भांडणं मराठीतच होतात.

खरी अडचण जागेची आहे. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात हेडफोन लावला की समोरच्याचा आवाज झाकला जातो, तुझा नाही. स्वयंपाकघरात आई आहे हे माहीत असताना तू आईबद्दल मोकळं बोलणार नाहीस, आणि थेरपिस्टला वाटेल की तिथे काही अडचणच नाही. घरचे बाहेर जातात ती वेळ धर. नाहीतर मित्राचं रिकामं ऑफिस, किंवा सावलीत उभी केलेली गाडी. चालत्या गाडीत मात्र नाही, आणि गोदाघाटावर बसूनही नाही. ओळखीचं कुणी भेटलं की सेशन संपलंच. वायरचा इअरफोन ठेव, मोबाइल डेटा तयार ठेव. लाइट गेली किंवा कॉल तुटला तर कुणी कुणाला किती मिनिटांनी साधा फोन करायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाक.

पहिल्या सेशनला घरचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर मागतील. बिचकू नकोस. समोरचा दुसऱ्या गावी आहे. जिवाला धोका वाटला तर मदत कुठे पाठवायची हे त्याला कळायला हवं. गोपनीयता कुठे संपते, रेकॉर्डिंग होतं का, सेशन रद्द करायचं तर किती तास आधी कळवायचं, हे तू विचारून घे. कदाचित पीएचक्यू-९ नावाची, नैराश्य किती आहे हे पाहणारी प्रश्नावली भरायला देतील: गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, जास्तीत जास्त गुण २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे लाजेपोटी शून्यावर, म्हणजे ‘अजिबात नाही’वर, खूण करू नकोस.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण सेशनला निकाल घेऊन जातात: ‘ती मला किंमतच देत नाही.’ यावर थेरपिस्ट काय करणार? मान हलवणार. त्याऐवजी आठवड्यातला एकच प्रसंग त्याच दिवशी लिहून ठेव. कॅमेऱ्याला काय दिसलं असतं, मनात काय आलं, अंगात काय झालं, तू काय केलंस, मग काय झालं. उदाहरणार्थ: बुधवारी जेवताना तिने फोन पालथा ठेवला. मनात आलं, काहीतरी लपवतेय. छातीत धडधडायला लागलं. ‘कुणाचा मेसेज?’ असं तिरकस विचारलं. ती ताट उचलून आत गेली. मी मागोमाग गेलो, तिने दार लावलं.

एवढ्यावर पन्नास मिनिटं काम होतं. यात फोनपेक्षा ‘मागोमाग गेलो, तिने दार लावलं’ हे महत्त्वाचं. एक जण पाठलाग करतो, दुसरा मिटत जातो. तो जितका मिटतो तितका पहिला जोर लावतो. हा फेरा कुठे तोडायचा ते थेरपिस्ट दाखवतो. सहसा आधी थांबायला शिकवतात: आवाज चढला की अर्धा तास वेगळं व्हायचं, पण ‘साडेनऊला परत बोलू’ असं सांगून, आणि साडेनऊला खरंच यायचं. वेळ न सांगता उठलास तर तो अबोला झाला, आणि भांडण वाढतं.

थेरपिस्टला चाळीस स्क्रीनशॉट पाठवून ‘चूक कुणाची’ विचारू नकोस. त्याला एकच बाजू दिसतेय. त्याचं वाक्य घरच्या भांडणात फेकू नकोस. ‘माझा थेरपिस्ट म्हणतो तू टॉक्सिक आहेस’ म्हणालास की ती जोडीने यायची शक्यता संपली. आणि घरात मारहाण किंवा धाक असेल, कुणाकडूनही, तर जोडीचं सेशन घ्यायचंच नाही. तिथे बोललेल्याची किंमत घरी मोजावी लागते. हे थेरपिस्टला एकट्याने सांग.

सेशननंतर एखादा दिवस जड जातो, त्यात वावगं काही नाही. झोप आणि जेवण बिघडतच राहिलं तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, कळव. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर थेरपिस्टच्या मेसेजची वाट बघायची नाही: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. धोका समोरच असेल तर ११२.

पाच-सहा सेशन झाल्यावर पुढे सरकत नाहीये असं वाटलं तर गुपचूप गायब होऊ नकोस. ‘मागच्या वेळी तुम्ही विषय बदललात, ते मला खटकलं’ एवढं म्हणून बघ. चांगला थेरपिस्ट त्यावरच काम सुरू करतो. बचाव करत बसला तर बदल, आणि जाताना आतापर्यंतच्या कामाचा एक पानी सारांश मागून घे. नव्या माणसापुढे सगळं पहिल्यापासून उगाळावं लागत नाही.