नव्या मॅक्रो लेन्सने चित्रे धूसर येतात तेव्हा

तुमचा प्रश्न मला असा समजला: लहान आकाराच्या एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी तुम्ही १०० मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून चित्र घेणारी, लेन्स घेतली, दोन रविवारी सकाळी कमाटीबागेत जाऊन फुलपाखरे आणि कोळी टिपायचा प्रयत्न केला, आणि दीडशे-दोनशे चित्रांतून धड अशी दोन-तीनच निघाली. दुकानदार आठ दिवसांत लेन्स बदलून द्यायला तयार आहे, तेव्हा ती बदलावी का, एफ ३२ वर (म्हणजे ॲपर्चर, लेन्समधले छिद्र, अगदी लहान करून; आकडा मोठा तितके छिद्र लहान) चित्रे घ्या हा एका मित्राचा सल्ला बरोबर आहे का, आणि ट्रायपॉड व रिंग लाइट (लेन्सभोवती बसणारा गोल दिवा) विकत घ्यावेत का, असे तुम्ही विचारले आहे. मी बडोद्यातच, बऱ्याचदा त्याच बागेत, गेली बारा वर्षे हेच करत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

लेन्स सदोष असण्याची शक्यता फार कमी आहे, पण मुदत आठ दिवसांचीच असल्यामुळे आधी खात्री करून घ्या. शाळेच्या कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी टेबलावर तिरकी टेकवून ठेवा, कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर बसवा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि ऑटोफोकस बंद करून, पडद्यावर चित्र मोठे करून, पाच सेंटीमीटरच्या रेघेवर हाताने फोकस करा. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. ती रेघ सुईसारखी स्पष्ट आली तर लेन्सच्या काचेत बहुधा दोष नाही. हाताने फोकस केल्यावर रेघ स्पष्ट येते आणि ऑटोफोकसने येत नाही, असे वारंवार झाले, तर मात्र दुकानदाराकडे जरूर जा.

त्याच पट्टीने आणखी एक गोष्ट कळते. लेन्सची फोकसची रिंग सर्वांत जवळच्या अंतरावर आणून पट्टीचे समोरून चित्र घेतले, तर चौकटीत आडवे सुमारे २२ ते २४ मिलिमीटर मावलेले दिसतील. तुमच्या सेन्सरची रुंदीही तेवढीच असते, आणि १:१ म्हणजे नेमके हेच: वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, म्हणजे ते या अंतरावरून पूर्ण मावतही नाही. एवढ्या जवळून एफ २.८ वर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी पाव मिलिमीटरच्याही आत असते आणि एफ ११ वरसुद्धा ती जेमतेम ०.९ मिलिमीटर भरते. आता माणूस कितीही स्तब्ध उभा राहिला तरी त्याचे शरीर काही मिलिमीटर पुढेमागे डुलतच असते, आणि वाकून उभे राहिल्यावर तर अधिकच. तुमची दीडशे चित्रे बिघडली ती बहुतेक या डुलण्याने. लेन्समधली कंपनरोधक यंत्रणा कॅमेऱ्याचे कलणे आणि काही लेन्समध्ये आडवे-उभे सरकणेही सावरते, परंतु वस्तूच्या दिशेने पुढे-मागे होणे ती सावरू शकत नाही, आणि १:१ च्या आसपास तिचा एकूण उपयोगही बराच कमी होतो.

म्हणून पहिला महिनाभर १:१ च्या वाटेला जाऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. रिंग फिरवून १:२ वर ठेवा, म्हणजे चौकटीत साधारण ४७ मिलिमीटर मावतील; एवढ्यात मोठा झालेला सुरवंट पूर्ण बसतो आणि एफ ११ वर स्पष्टतेची जाडी अडीच मिलिमीटरांच्या पुढे, म्हणजे जवळपास तिप्पट होते. आजच्या चोवीस मेगापिक्सेलच्या चित्रातून हवा तो भाग नंतर कापून घेता येतो, त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

फोकस करण्याची रीत मात्र बदलावी लागेल. नेहमीच्या छायाचित्रणात आपण एका जागी उभे राहून रिंग फिरवतो किंवा ऑटोफोकसवर सोपवतो. येथे आधी रिंगवर मॅग्निफिकेशन, म्हणजे १:१ किंवा १:२ असे प्रमाण, ठरवायचे, मग रिंगला हात न लावता स्वतः किंचित पुढे-मागे झुकायचे, आणि डोळा स्पष्ट दिसण्याच्या क्षणी बटण दाबायचे. कोपरे बरगड्यांना टेकवा, शक्य असेल तर एक गुडघा जमिनीवर ठेवा. कीटक फांदीवर किंवा गवताच्या काडीवर असेल, तर ती काडी डाव्या हाताच्या दोन बोटांत हलकेच धरून त्याच हातावर लेन्स टेकवावी. मग वाऱ्याची झुळूक आली तरी काडी आणि लेन्स एकत्रच हलतात आणि दोघांतले अंतर कायम राहते. ही एकच युक्ती मला पहिल्याच वर्षी कोणी सांगितली असती, तर माझा बराच काळ वाचला असता.

त्याबरोबर कॅमेऱ्याच्या कोनाकडेही लक्ष असू द्या. स्पष्टतेचा पापुद्रा सेन्सरला समांतर असतो, त्यामुळे पंख मिटून बसलेल्या फुलपाखराच्या अगदी बाजूला, पंखाला समांतर कॅमेरा धरला तर संपूर्ण पंख त्या पापुद्र्यात येतो. दहा-पंधरा अंशांनी चुकलात की पंखाची एक कड विरघळते. कोळ्याच्या बाबतीत समोरचे दोन मोठे डोळे साधले की बाकीचे शरीर धूसर असले तरी चित्र उभे राहते.

एफ ३२ चा सल्ला ऐकू नका. सुरुवातीला मीही लिंबाच्या झाडावरच्या एका सुरवंटाची तीनेकशे चित्रे एफ ३२ वर घेतली आणि संगणकावर पाहिल्यावर एकातही धड केस सुटा दिसेना. छिद्र फार लहान केले की प्रकाश त्याच्या कडांशी पसरतो आणि सगळे चित्र सारखेच मऊ होते. त्यात १:१ वर प्रत्यक्ष परिणाम लेन्सवरच्या आकड्याच्या दुप्पट ॲपर्चरचा होतो: एफ ११ लावलेत तर काम एफ २२ सारखे होते आणि प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो. निकॉनचे कॅमेरे आपल्या मॅक्रो लेन्सवर हा बदललेला आकडा दाखवतात, कॅननचे दाखवत नाहीत, आणि म्हणून दोन मित्रांचे आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नये. लेन्सवरचा आकडा एफ ८ ते एफ ११ च्या दरम्यान असू द्या.

एवढे लहान छिद्र ठेवले की प्रकाश कमी पडतो, आणि मला विचाराल तर पुढचा खर्च ट्रायपॉडवर न करता एका साध्या फ्लॅशवर करावा. कमी शक्तीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो, आणि आजूबाजूचा उजेड चित्रात फारसा उतरत नसेल तर हात व कीटक दोघांची हालचाल तो गोठवून टाकतो. शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागावर, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) २०० ते ४००, आणि फ्लॅश हाताने ठरवलेल्या कमी शक्तीवर, एवढ्याने सुरुवात होते. कॅमेऱ्यावरच्या अंगभूत फ्लॅशचा उपयोग नाही, कारण लांब लेन्सची सावलीच कीटकावर पडते. पण उघड्या फ्लॅशने भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग उमटतो, तेव्हा त्याचा प्रकाश पसरवणे अत्यावश्यक आहे. स्टेशनरीच्या दुकानातला ट्रेसिंग पेपर पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणून बसवा आणि ती चौकट लेन्सच्या तोंडापर्यंत पुढे आणा. प्रकाश देणारा पृष्ठभाग कीटकाच्या मानाने जितका मोठा आणि जवळ, तितक्या सावल्या मऊ. माझी पहिली चौकट फरसाणाच्या दुकानातल्या बटर पेपरची होती आणि ती पहिल्या पावसात विरघळेपर्यंत उत्तम चालली. सतत जळणारे स्वस्त रिंग लाइट या कामाला फार मंद असतात आणि कोळ्याच्या डोळ्यांत गोल कडे उमटवतात. ते घेऊ नका. ट्रायपॉड घरातल्या फुलांना, नाण्यांना, दागिन्यांना छान, पण बागेत त्याचे पाय पसरेपर्यंत कीटक निघून जातो. मी एक बांबूची काठी बाळगतो आणि डाव्या हाताने काठी व लेन्स एकत्र धरतो.

बागेत जाण्याआधी घरच्या कुंड्या पाहा. लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे छोटे सुरवंट सापडले, तर त्यांना हात न लावता रोज त्यांची चित्रे घ्या. ते मोठे होऊन हिरवे होतात आणि तुम्हाला पळणाऱ्या प्राण्यामागे न धावता अंतराचा सराव मिळतो. गावाबाहेरच्या रुईच्या झुडपांवर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सुरवंट जुलैपासून हमखास मिळतात. कमाटीबागेत मात्र नऊच्या आत जा, कारण कीटकांचे शरीर सकाळी थंड आणि मंद असते, आणि डिसेंबर-जानेवारीत चतुरांच्या पंखांवर दवही असते. लेन्सच्या तोंडापासून कीटकापर्यंत तुमच्याकडे १:१ वर साधारण चौदा सेंटीमीटर उरतात. तेवढ्या जवळ हळूहळू सरका आणि आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. कीटक स्थिर राहावा म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. तो क्रूर आहेच, शिवाय तशा चित्रातली निर्जीव बसण्याची ढब जाणकाराच्या लगेच लक्षात येते.

पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा काचेवर बुरशी धरवते, तेव्हा घरी आल्यावर लेन्स पुसून सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा; कापडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नका. आणि चतुर व टाचण्या (चतुरांसारखेच पण बारीक अंगाचे कीटक) पाण्याकाठी भरपूर असतात हे खरे असले, तरी त्यांच्यासाठी विश्वामित्रीच्या काठावर पोटावर झोपण्याचा मोह आवरा. नदीत मगरी आहेत, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला चौदा सेंटीमीटरच्या पलीकडचे काही दिसत नाही.