किर्दीचे रकाने का सरकतात? आणि प्रिंटरबद्दलची आणखी तीन पत्रं

या महिन्यात ऑफिसच्या प्रिंटरबद्दल बरीच पत्रं आली. जवळजवळ प्रत्येकाला कुणीतरी "ड्रायव्हर काढून परत टाका" असं सांगितलं होतं आणि तसं करूनही फरक पडला नव्हता. (ड्रायव्हर म्हणजे संगणकाचं म्हणणं प्रिंटरच्या भाषेत पोचवणारा प्रोग्रॅम.) माझी एक विनंती आहे. बिघडलेला कागद चुरगळून टाकू नका. सांगलीतल्या माझ्या दुकानात प्रिंटर दुरुस्तीला आला की मी पहिल्यांदा तो कागद मागते, कारण बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा त्याच्यावरच छापलेलं असतं.

प्रश्न : ताई, आमची छोटी पतसंस्था आहे. जुना संगणक बंद पडला म्हणून विंडोज ११ चा नवा घेतला, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र तोच आहे. त्याचं नाव यादीत नव्हतं, म्हणून मिळताजुळता ड्रायव्हर टाकला. आता किर्द छापली की नावे-जमेचे आकडे एकाखाली एक येत नाहीत, छपाई फार हळू होते आणि दर पानाला मजकूर वर सरकतो. दुसरा ड्रायव्हर टाकला तर पानाच्या डोक्यावर ॲटचं चिन्ह उमटतं. ऑडिट तोंडावर आलंय.
(एक लिपिक, जत तालुका)

उत्तर : तुम्ही सगळ्या खुणा नीट लिहून पाठवल्यात, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

आधी रकाने. किर्दीचं सॉफ्टवेअर मोकळ्या जागा मोजून आकडे जुळवतं. प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मोकळी जागा एकाच रुंदीची असेल तरच हे जमतं. प्रिंटरमधला स्वतःचा टाइप तसाच असतो. इंचाला १० अक्षरं, म्हणजे ८ इंचांत ८०. दाटीनं छापायचा हुकूम मिळाला की इंचाला १७ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच रुंदीत सुमारे १३७. मिळताजुळता ड्रायव्हर टाकल्यावर विंडोज अक्षरं न पाठवता अक्षरांचं चित्र काढून पाठवतं आणि त्यासाठी भलताच फॉन्ट वापरतं. त्या फॉन्टमध्ये मोकळी जागा आकड्यापेक्षा अरुंद असते. झालं, रकाने सरकले. वेळ लागतो तोही याच कारणानं, कारण चित्र छापताना प्रिंटरच्या डोक्याला जास्त फेऱ्या माराव्या लागतात.

विंडोजमध्येच 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' नावाचा ड्रायव्हर आहे. प्रिंटर हातानं जोडायचा पर्याय घ्या, कंपन्यांच्या यादीत 'जेनेरिक' निवडा आणि पोर्ट आत्ता आहे तोच ठेवा, बहुधा यूएसबी००१. हा ड्रायव्हर चित्र काढत नाही, अक्षरं अक्षरं म्हणूनच पाठवतो.

आता ते ॲटचं चिन्ह. एपसनच्या ईएससी/पी या भाषेत, जी डॉट मॅट्रिक्सच्या बऱ्याच कंपन्या वापरतात, बहुतेक हुकूम 'एस्केप' या न दिसणाऱ्या संकेतानं सुरू होतात. एस्केपनंतर ॲट म्हणजे "आधीच्या सगळ्या सूचना विसर, नव्यानं सुरू कर". वाटेत एस्केप गळून पडला की उरलेलं ॲट प्रिंटरला साधं अक्षर वाटतं आणि तो ते छापतो. म्हणजे प्रिंटर ठणठणीत आहे, हुकूम अर्धवट पोचतोय. टेक्स्ट ओन्ली टाकूनही ॲट येत असेल, तर सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून छपाई 'रॉ' पद्धतीनं, म्हणजे मधे काही बदल न करता जशीच्या तशी, पाठवायला सांगा. त्यांच्या सेटिंगमध्ये याला कधी 'टेक्स्ट मोड', कधी 'डॉस मोड' म्हणतात. प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये भाषा ईएससी/पी आहे ना, आयबीएमची तर लागलेली नाही ना, तेही एकदा पाहा.

मजकूर वर सरकतो त्याचं कारण कागदाची लांबी. आपल्याकडची जोडकागदाची चळत बहुधा १० बाय १२ इंचांची असते. ड्रायव्हर मात्र अमेरिकी लेटर, म्हणजे ११ इंच, धरून चालतो. त्यामुळे दर पान एक इंच वर चढतं, छिद्रांच्या रेघेवर छापलं जातं आणि १२ पानं छापून झाल्यावर तेरावं पुन्हा अचूक बसतं. तुमच्याकडेही तेरावं पान बरोबर येत असेल तर शंकाच नको. प्रिंटरच्या यादीखालच्या 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'मध्ये १० बाय १२ चा नवा फॉर्म तयार करा आणि तो त्या प्रिंटरला लावा. सॉफ्टवेअरमध्ये पानाच्या ओळी विचारल्या तर ७२ भरा. इंचाला ६ ओळी, १२ इंचांच्या ७२. तिथे ६६ असेल तर तो ११ इंचांचा हिशोब आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण लवकरच विचारावी लागेल. टेक्स्ट ओन्लीवर मराठी छापता येत नाही, कारण या प्रिंटरांच्या आत देवनागरी टाइप सहसा नसतोच. सभासदांना पाठवायची मराठी नोटीस चित्र म्हणूनच जायला हवी. म्हणून तोच प्रिंटर, त्याच पोर्टवर, दोन नावांनी बसवा. टेक्स्ट ओन्लीवाल्याचं नाव 'किर्द' ठेवा आणि कंपनीच्या ड्रायव्हरवाल्याचं 'नोटीस'. विंडोजला हे चालतं आणि काउंटरवरच्या माणसाचा गोंधळ होत नाही.

प्रश्न : शाळा सोडल्याचा दाखला पडद्यावर नीट दिसतो, पीडीएफही नीट आहे. लेझर प्रिंटरवर मात्र वेलांट्या अक्षरापासून सुटतात आणि काही जोडाक्षरांच्या जागी चौकोन येतात. शिवाय जुने दाखले उघडले तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात.
(मुख्याध्यापिका, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : बाई, ही दोन वेगळी दुखणी आहेत. पीडीएफ पडद्यावर नीट आहे, म्हणजे मजकूर आणि फॉन्ट शाबूत आहेत. ड्रायव्हर आणि प्रिंटर यांच्यामध्ये अक्षरं तुटतायत. अडोबी रीडरमध्ये प्रिंटच्या चौकटीत 'ॲडव्हान्स्ड' उघडा आणि 'प्रिंट ॲज इमेज'वर खूण करा. पान चित्र म्हणून जाईल आणि वेलांटी जागेवर राहील. कायमच्या उपायासाठी त्याच प्रिंटरचा दुसऱ्या भाषेचा ड्रायव्हर बसवून पाहा. पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या लेझर प्रिंटरला हुकूम द्यायच्या दोन भाषा. आत्ता पीसीएल ६ असेल तर पोस्टस्क्रिप्ट, किंवा उलट.

जुने दाखले श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत मिळण्याआधीच्या, फॉन्टमध्ये केलेले असणार. त्या फाइलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. जुन्या संगणकावरून नेमका तोच फॉन्ट आणून बसवलात तर दाखला लगेच वाचता येईल. तो युनिकोडमध्ये बदलायचा असेल, तर बदलल्यावर प्रत्येक नाव मूळ रजिस्टरशी ताडून पाहा. रफार, पहिली वेलांटी आणि 'दुसऱ्या'मधला ऱ्य या जागी रूपांतर हमखास घसरतं. दाखल्यातल्या नावात एक अक्षर चुकलं तर त्या मुलाला पुढे प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं, म्हणून हे काम घाईनं कुणावर सोपवू नका.

प्रश्न : मी वकिलांकडे टायपिंग करते. तीच वर्डची फाइल साहेबांच्या लॅपटॉपवर वेगळ्या पानांची आणि ऑफिसात वेगळ्या पानांची होते. अनुक्रमणिका दर वेळी चुकते.
(नाशिक)

उत्तर : वर्ड ओळी आणि पानं तोडतं ते त्या संगणकावरचे फॉन्ट, कागदाचा आकार आणि काही अंशी तिथला डीफॉल्ट प्रिंटर पाहून. विंडोजला डीफॉल्ट प्रिंटर स्वतः ठरवू देणारा पर्याय आधी बंद करा. मग कागद तपासा. लीगल १४ इंच लांब असतो आणि ए४ ११.७ इंच, सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०२० पासून ए४ स्वीकारला, तेव्हापासून बऱ्याच ऑफिसांत दोन्हींची सरमिसळ दिसते. अनुक्रमणिका अगदी शेवटी घाला, लगेच पीडीएफ करा आणि छपाई कुठूनही करायची असली तरी त्या पीडीएफवरूनच, 'ॲक्च्युअल साइज' निवडून करा. 'फिट'वर ठेवलंत तर समास बदलतात.

प्रश्न : जुन्या लेझर प्रिंटरची सीडी विंडोज ११ घेत नाही. प्रिंटर भंगारात द्यावा का?
(लातूर)

उत्तर : इतक्यात नको. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत येतं आणि सीडीवरचा ड्रायव्हर बहुधा ३२ बिटांचा असेल. तो कुठल्याही युक्तीनं चालणार नाही. कंपनीच्या साइटवर विंडोज १० चा ६४ बिटांचा ड्रायव्हर मिळाला तर तो बऱ्याचदा चालतो. तो नसेल तर माहितीपत्रकात प्रिंटरची भाषा पाहा. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट असेल तर कंपनीचा युनिव्हर्सल ड्रायव्हर टाकून पाहा. 'होस्ट-बेस्ड' किंवा 'जीडीआय' लिहिलेलं असेल तर छापायचं पान संगणकच तयार करून देतो, म्हणून त्याला स्वतःचाच ड्रायव्हर लागतो. तोही न मिळाल्यास प्रिंटर जुन्या संगणकालाच राहू द्या, पण त्या संगणकाचं इंटरनेट काढा, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पीडीएफ पेनड्राइव्हवरून नेऊन छापा.