म्वान्झाला सहा आठवडे येताय, तर

तुम्ही दोघींनी विचारलंय की वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षानंतर सहा आठवडे टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या एखाद्या दवाखान्यात सेवा करायची आहे, आमचा कितपत उपयोग होईल आणि सोबत काय आणू? मी अकरा वर्षं म्वान्झात, म्हणजे याच सरोवराकाठच्या शहरात, लॅबमध्ये काम करतेय, म्हणून स्पष्टच सांगते.

उपयोग कमीच होईल. पहिले दोन आठवडे तर इथल्याच कुणाला तरी तुम्हाला सांभाळावं लागेल. बहुधा क्लिनिकल ऑफिसरला. तीन वर्षांचा डिप्लोमा केलेली ही माणसं गावोगावच्या झहानाती, म्हणजे सगळ्यात लहान दवाखाने, चालवतात. ताप, न्यूमोनिया, जुलाब सगळं त्यांच्याच हातून जातं. डिप्लोमा बघून त्यांना कमी लेखू नका. शिकायला या म्हटलं तर ते जीव ओतून शिकवतात.

पांढरा कोट चढवला की तुम्ही सगळ्यांसाठी 'दक्तारी', म्हणजे डॉक्टर. इथेच घोटाळा होतो. एका परदेशी विद्यार्थिनीला गर्दीच्या दिवशी कुणीतरी टाके घालायला सांगितले. तिने आयुष्यात पहिल्यांदाच घातले. जखम पिकली, आणि ती मात्र तोवर विमानात बसली होती. तुमच्या कॉलेजच्या वॉर्डात जे करू देत नाहीत, ते इथेही करायचं नाही. 'मिमी नी म्वानाफुन्झी', मी विद्यार्थी आहे, हे वाक्य सगळ्यात आधी पाठ करा.

नुसता शब्दकोश बघून स्वाहिली बोलू नका. इथे तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा म्बिली' म्हणजे शब्दशः दोन वाजता, पण इथे त्याचा अर्थ आठ. दुपारी दोनची गोळी सांगायची तर 'सा नाने', आठवा तास. हे ठाऊक नसेल तर तुम्ही दोनचा डोस सांगाल आणि आई तो आठला देईल, चूक तिची नसताना. लहान मुलाला झटके आले की लोक 'देगेदेगे' म्हणतात. काही घरं त्यासाठी आधी वैदूकडे जातात, म्हणून इथवर यायला उशीर का झाला ते न रागावता विचारा.

पर्यटक व्हिसावर वॉर्डात काम करू नका. स्वयंसेवकांसाठी क्लास सी परवाना असतो, आणि तुमच्या मुदतीला काय लागेल ते हॉस्पिटललाच विचारा. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करा. सुई टोचलीच तर एचआयव्हीची औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. ती कुठे मिळतील हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन घेणार असाल तर परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवा. सरोवरात पाय बुडवू नका, कितीही छान दिसलं तरी. त्या पाण्यातून किचोचो, म्हणजे बिल्हार्झिया हा कृमींचा आजार होतो.

देणगीची यंत्रं आणूच नका. आमच्या लॅबच्या कोपऱ्यात एक भारी अ‍ॅनालायझर आहे, रीएजंट, म्हणजे तपासणीला लागणारी रसायनं, मिळत नाहीत म्हणून त्यावर आम्ही फायली ठेवतो.

मधल्या एजन्सीऐवजी थेट हॉस्पिटलला लिहा आणि एकच विचारा: आमच्यावर देखरेख कोण करणार? नाव सांगता येत नसेल, तर तिकीट काढू नका.