ल्युपस, वॉरफरिन आणि जास्त जाणारी पाळी: पिशवी काढण्याआधी काय बघायचं

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून कळलं ते असं: वय 38, ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार), अँटीफॉस्फोलिपिडमुळे (रक्तात गुठळ्या करणारी प्रतिपिंडं) वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू, सहा महिन्यांपासून पाळी जास्त जाते, रक्ताच्या गाठी पडतात. सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या बाहेरच्या अंगाला 2 सेंमीचा फायब्रॉइड (स्नायूची साधी गाठ), पिशवीचं आतलं अस्तर 14 मिमी, आणि त्यावर थेट पिशवी काढायचा सल्ला. मी डॉक्टर नाही, पण ल्युपस आणि वॉरफरिन दोन्ही बरीच वर्षं सांभाळतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या फायब्रॉइडवर खापर फोडायची घाई नको. बाहेरच्या बाजूला वाढणारी एवढीशी गाठ सहसा पाळी वाढवत नाही. आतल्या पोकळीत डोकावणारी वाढवते. 14 मिमी अस्तरही पाळीच्या आदल्या आठवड्यात मोजलं असेल तर त्यात काही वावगं नाही. सोनोग्राफी कितव्या दिवशी झाली? आठवत नसेल तर पाळी संपल्या संपल्या परत करा, शक्यतो योनिमार्गातून.

मला संशय आहे तो रक्ताचा. त्या पाळ्यांच्या वेळी आयएनआर (वॉरफरिननं रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) किती होता? मध्येच एखादं अँटिबायोटिक किंवा बुरशीवरचं औषध घेतलं की तो झपकन चढतो. ल्युपसमध्ये प्लेटलेटही (रक्त थांबवणाऱ्या पेशी) कमी होऊ शकतात. एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) लांबलेला आला तर गोंधळू नका: ल्युपस अँटीकोआग्युलंट या अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडामुळे तो परीक्षानळीत लांबतो, शरीरात भीती मात्र गुठळ्यांचीच. थायरॉइडही तपासा, स्वयंप्रतिकार आजारात तो बऱ्याचदा जोडीला येतो. आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) 'नॉर्मल' आलं म्हणून लोह पुरेसं आहे असं धरू नका; आजार भडकलेला असताना ते उगाच वर दिसतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात प्रत्यक्ष किती लोह वाहून नेलं जातंय ते) सोबत मागा. गरोदरपणाची चाचणी सगळ्यांच्या आधी.

अस्तराची बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) पंचेचाळिशीनंतर नेहमीची. त्याआधी वजन जास्त असेल, पाळी महिनोन् महिने लांबत असेल किंवा औषधाला दाद देत नसेल तर. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू नका, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) अशा वेळी मुक्काम ठोकतो.

गुठळ्यांच्या भीतीमुळे इस्ट्रोजेनच्या गोळ्या तुमच्यासाठी नाहीत. ट्रानेक्झामिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) मनानं घेऊ नका, वॉरफरिन मनानं बंद तर मुळीच नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारं, गर्भाशयात बसवायचं साधन चालेल का, हे जरूर विचारा. साध्या तांबीनं मात्र पाळी उलट वाढते.

एवढं करूनही पिशवी काढायची वेळ आलीच, तर वॉरफरिन कधी थांबवायचं, त्याऐवजी हेपॅरिन (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) कधी चालू करायचं, हे संधिवाततज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनी बोलून लिहून दिल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका.