मोठ्या भागाचं रिडेव्हलपमेंट: सगळ्यांचा एकच आराखडा लागतो का ज्याने त्याने आपापलं केलं तरी चालतं?

तुमचा प्रश्न असा आहे की मोठा जुना भाग आहे, मालक बरेच, सगळं नव्याने बांधायचंय, तर एकत्र प्लॅनिंग खरंच लागतं का, कारण बिल्डर लोक म्हणतात एकत्र करायला गेलात तर वर्षानुवर्षं अडकाल. मी रस्ते आणि ड्रेनेजची ड्रॉइंग्ज करतो त्यामुळे माझं उत्तर जरा जमिनीखालून येईल. एकत्र प्लॅनिंग लागतंच. पण बिल्डिंगांचं नाही, दोन बिल्डिंगांच्या मधे आणि खाली जे काही असतं त्याचं.

मैलापाण्याची लाइन घ्या. ती उताराने वाहते, त्यामुळे मेन रोडला जोडताना चेंबर किती खोल ठेवायचा हे पुढच्या प्लॉटवरून नाही तर सगळ्यात मागच्या प्लॉटवरून ठरतं. जमीन सपाट असेल आणि शंभर मीटरला एक मीटर उतार धरला तर चारशे मीटर मागे असलेल्या माणसासाठी पुढे चार मीटर जास्त खोल जावं लागतं. आता पुढचा बिल्डर आधी आला, त्याने आपल्यापुरती उथळ लाइन टाकली, वर छान रस्ता केला आणि ताबा देऊन निघून गेला. मागच्याने काय करायचं? एकतर तो अख्खा रस्ता परत फोडायचा नाहीतर कायमचे पंप बसवायचे, आणि लाइट गेली की पंप बंद, त्याचा खर्च आणि त्रास तिथे राहणाऱ्यांनी जन्मभर काढायचा. जमिनीच्या लेव्हलचंही तेच, प्रत्येकाने आपलं जोतं शेजाऱ्यापेक्षा थोडं उंच घेतलं की पावसात मधला रस्ताच नाला होतो. यात कोणी नियम मोडलेला नसतो, सगळ्यांचे नकाशे मंजूर असतात, हेच मला सगळ्यात जास्त खुपतं.

बर्लिनच्या पोट्सडामर प्लाट्झ या चौकाच्या भागाचं उदाहरण मला फार आवडतं. 1990 च्या दशकात तिथे बाजूबाजूच्या प्लॉटवर मोठमोठ्या कंपन्यांचं काम एकाच वेळी चालू होतं आणि भूजल अगदी वर होतं. प्रत्येकाने आपापल्या खड्ड्यातलं पाणी उपसलं असतं तर आजूबाजूची पाण्याची पातळी खाली गेली असती आणि शेजारच्या टियरगार्टन पार्कातली झाडं वाळली असती. म्हणून पाणी उपसायला मर्यादा घातली, खड्डे पाणबंद केले आणि तळाचं काँक्रीट चक्क डायव्हर लोकांनी पाण्याखाली उतरून घातलं. माती-सिमेंटच्या ने-आणीसाठीही सगळ्यांची मिळून एक व्यवस्था होती, बराचसा माल रेल्वेने आणि पाण्यातून यायचा जायचा. बिल्डिंग ज्याची त्याची, आर्किटेक्ट वेगळे, पण खालचं पाणी एकत्र सांभाळलं.

उलटं उदाहरण लंडनच्या डॉकलँड्सचं, म्हणजे तिथल्या जुन्या गोदी भागाचं. तिथे 1981 मध्ये सरकारने एक स्वतंत्र महामंडळ नेमलं, म्हणजे संस्था एकच होती, पण भर असा की आधी गुंतवणूक येऊ दे, बाकीचं मागून होईल. 1987 ला छोटी हलकी रेल्वे आली, ती कॅनरी व्हार्फ या तिथल्या ऑफिसांच्या मोठ्या प्रकल्पाच्या आकाराच्या मानाने अगदीच तोकडी. 1991 ला मोठा टॉवर उभा राहिला आणि 1992 मध्ये तो बांधणारी ऑलिंपिया अँड यॉर्क कंपनी कोसळली. मंदी होतीच, पण तिथे नीट पोचताच येत नव्हतं हेही तितकंच खरं. मेट्रोची जुबिली लाइन तिथपर्यंत आली 1999 ला. नंतर भाग जोरात चालला, पण मधली वर्षं वाया गेली ती गेलीच.

हॅम्बुर्गच्या हाफेनसिटीत क्रम बराच बरा लावलाय. 157 हेक्टर जुनी बंदराची जागा, मास्टर प्लॅन 2000 सालचा, जमीन बहुतेक शहराचीच, आणि काम बघायला शहराच्याच मालकीची कंपनी. जमीन विकून आलेला पैसा रस्ते, पूल, धक्के यात जातो. मला खरी भारी वाटते ती विकण्याची पद्धत. बिल्डर निवडला तरी जमीन लगेच नावावर होत नाही, आधी ठरावीक मुदतीसाठी नुसता राखीव हक्क मिळतो, त्या काळात त्याने डिझाइन करायचं, परवानग्या आणायच्या, मग खरेदीखत. त्यामुळे प्लॉट घेऊन भाव वाढायची वाट बघत बसणं फार अवघड होतं. पुराचा धोका आहे म्हणून तिथल्या नव्या बिल्डिंगा समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंचीवर घेतल्यात, आणि मुख्य रस्तेही वर घेतलेत, नाहीतर घर कोरडं पण ॲम्ब्युलन्स येऊ शकत नाही असं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल तिथे जमीन शहराची होती, आमचे मालक पन्नास. त्यासाठी जपानचा 1954 चा जमीन फेररचना कायदा बघा. मालकांची संस्था करायची, दोन तृतीयांश लोकांची संमती घ्यायची, प्रत्येकाने थोडी थोडी जमीन सोडायची, त्यातून रस्ते आणि बागा होतात आणि काही भाग विकून खर्च निघतो. प्लॉट आधीपेक्षा लहान मिळतो पण सरळ आणि रस्त्याला लागून मिळतो. वेळ लागतो, समजावण्यातच बराच जातो, पण जबरदस्ती कमी होते.

बिल्डरांच्या बोलण्यात तथ्य एवढंच की सगळं आधीच बारीकसारीक ठरवायला गेलं तर खरंच अडकतं. म्हणून थोडंच पक्कं करायचं. लंडनच्याच किंग्ज क्रॉस स्टेशनमागच्या जुन्या रेल्वेच्या जागेवर 27 हेक्टर नव्याने बांधायची परवानगी 2006 मध्ये मिळाली, त्यात रस्ते आणि चौक पक्के, पण ऑफिस किती आणि घरं किती हे मर्यादेत कमीजास्त करायची मुभा होती. दोन वर्षांत मंदी आली तेव्हा ती मुभा कामी आली असणार.

राहिली तिथे आत्ता राहणारी माणसं. प्लॉटप्लॉटने केलं की प्रत्येकाला भाड्याच्या घरात पाठवतात, आणि काम रखडलं की म्हातारी माणसं परत यायच्या आधीच जातात, पोरांच्या शाळा बदलतात ते वेगळंच. एकत्र प्लॅन असेल तर आधी मोकळ्या जागेवर पहिली बिल्डिंग बांधता येते, त्यात लोक हलवायचे, मग त्यांची जुनी पाडायची, आणि बऱ्याच कुटुंबांना थेट नव्या घरात जाता येतं. एकेकट्या प्लॉटला हे जमत नाही कारण त्याच्याकडे मोकळी जागाच नसते.

तेव्हा पुढच्या मीटिंगला थ्रीडी चित्रं दाखवली तर बघा खुशाल, पण फेजिंगचा नकाशा मागा. कुठली बिल्डिंग कधी पडणार, तिथले लोक कुठे जाणार, आणि त्याच्या आधी मेन ड्रेनेज कोण कुणाच्या पैशाने टाकणार, हे त्यावर लिहिलेलं पाहिजे. ते नसेल तर सही करू नका.