कलमं कराराने दिली, हा निर्णय चुकला का?

"मॅडम, मी राजापूर तालुक्यातली, वय २१. यंदा बी.एस्सी. केमिस्ट्री झाले. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत क्यूसी लॅबमध्ये (मालाची गुणवत्ता तपासतात तिथे) ट्रेनी म्हणून निवड झाली आहे, पंधरा दिवसांत कळवायचं आहे. मला एम.एस्सी. करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, बँकेची परीक्षा दे, वर्षभरात निघेल. पण आमच्या घरात निर्णय चुकतातच. बारावीनंतर नर्सिंग सोडून मी बी.एस्सी. घेतलं, शेवटच्या तारखेला, मैत्रीण म्हणाली म्हणून. नर्सिंगला गेलेली वर्गातली दुसरी मुलगी आता मुंबईत नोकरीला लागली. गेल्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून त्यांनी कलमं कराराने दिली आणि नेमका त्याच वर्षी आंबा लागला. आता साधा मोबाईल घ्यायचा तरी मला महिना लागतो. निर्णय बरोबर कसा घ्यायचा?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. लोट्याचं नंतर बोलू. आधी बाबांच्या कलमांचं बोलायला हवं, कारण तुझी खरी अडचण तिथे आहे.

करार झाला तेव्हा मोहोर यायचा होता. ढगाळ हवा, तुडतुडे, अवकाळी पाऊस, यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. हापूस एक वर्ष भरभरून धरला की पुढच्या वर्षी बहुधा हात आखडता घेतो, हे बाबांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत. ज्या माणसाला खळ्यातून गडग्यापर्यंत चालता येत नव्हतं, त्याने फवारण्या, राखण, आंबे काढायला झेला घेऊन माणसं चढवणं, पेट्या भरून वाशीला पाठवणं हे सगळं अंगावर घ्यायचं होतं का? त्यांनी ठरलेली रक्कम हातात घेतली आणि जोखीम करारवाल्याला दिली. पीक आलं म्हणून तो कमावला. नसतं आलं, तर तो बुडाला असता आणि बाबांना सगळे शहाणे म्हणाले असते, निर्णय मात्र तोच असता. मला विचारशील तर बाबांचा निर्णय चांगला होता, फळ दुसऱ्याच्या पदरात पडलं एवढंच.

तुझा नर्सिंगचा निर्णय मात्र खरंच वाईट घेतला गेला. त्या मुलीला नोकरी लागली म्हणून मी हे म्हणत नाही. शेवटच्या तारखेला मैत्रिणीचं ऐकलंस, आणखी कुणाला विचारलं नाहीस, हॉस्टेल बघितलं नाहीस, फी विचारली नाहीस. उद्या बी.एस्सी.तून तुझं सोनं झालं तरी तो निर्णय वाईट घेतला होता असंच मी म्हणेन. बाबांचा आणि तुझा असे हे दोन निर्णय तू एकाच टोपलीत घातलेस आणि वर "आमच्या घरात चुकतातच" असं लेबल लावलंस.

हे सगळ्यांचंच होतं. १९७५ साली बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने इंग्रज आणि गुरखे यांच्यातल्या १८१४ च्या लढाईचं वर्णन लोकांना वाचायला दिलं. शेवट मात्र प्रत्येक गटाला वेगळा सांगितला: कुणाला इंग्रज जिंकले, कुणाला गुरखे जिंकले, कुणाला लढाई अनिर्णित राहिली. मग विचारलं, सुरुवातीची परिस्थिती बघता काय होण्याची शक्यता किती वाटते? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच जास्त शक्य वाटला. तू केमिस्ट्रीची आहेस, तुला हे लगेच कळेल. टायट्रेशनच्या प्रयोगात उत्तर आधीच माहीत असलं की पोरं ब्युरेटचं, म्हणजे मोजनळीचं, रीडिंग मागून जुळवतात. आपलं मन रोज तेच करतं, फक्त त्याला पकडायला बाहेरून कुणी परीक्षक येत नाही.

म्हणून एक शंभर पानी वही घे. निर्णय घेण्याआधी तारीख घालून लिही: मला काय माहीत आहे, काय माहीत नाही, कशामुळे हे निवडते आहे, सहा महिन्यांनी काय होईल असं वाटतं. नंतर व्हाइटनर लावायचा नाही. मत बदललं तर लॅबमध्ये करतात तसं, एक रेघ मारायची, खाली सही आणि तारीख.

ही वही मी स्वतः ठेवते. २०१९ मध्ये चिपळूण बाजारपेठेत तळमजल्यावर ऑफिस घेतलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं आणि सल्ल्यासाठी येणाऱ्या मुलांच्या फायलींचा लगदा झाला. कित्येक महिने मी म्हणत होते, पुराचा विचारच केला नाही, जागा घेतानाच चुकले. वही घरी होती, म्हणून वाचली. एकदा उघडून बघितली तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: "२००५ ला इथे पाणी आलं होतं. तरी तळमजला, कारण पालकांबरोबर आजी-आजोबा येतात, त्यांना जिना नको. कागद पावसाळ्याआधी वर हलवायचे." म्हणजे विचार केला होता, जागा घेण्याचं कारणही पटण्यासारखं होतं. चुकलं ते एवढंच की कागद हलवले नाहीत. वही नसती तर मी जागेला दोष देत बसले असते. आता मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी कागद वरच्या मजल्यावर जातात.

मोबाईलसाठी वही नको. बजेट ठरव, हव्यात त्या तीन गोष्टी ठरव आणि त्यात बसणारा पहिला घे. सर्वोत्तम शोधत न बसता पुरेसं चांगलं मिळालं की थांबावं, हे हर्बर्ट सायमन यांनी अभ्यासून मांडलं. त्यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता लोटे. तिन्ही वाटांना मी एकच प्रश्न लावते: ही सोडली तर परत मिळेल का? बँकांच्या क्लार्कच्या परीक्षेला खुल्या गटातही २८ वर्षांपर्यंत बसता येतं, तू २१ची. एम.एस्सी.चे प्रवेश दरवर्षी असतात. तेव्हा ही दोन दारं उघडी आहेत, हातातली नोकरी पंधरा दिवसांत जाईल. "वर्षभरात निघेल" या बाबांच्या अंदाजाबद्दल एक खरी गोष्ट सांगते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांचा गट इस्रायलमध्ये शाळेसाठी एक पाठ्यक्रम लिहीत होता, विषय होता निर्णय कसे घ्यावेत. साधारण दोन वर्षांत होईल, असं सगळ्यांना वाटलं. त्यांच्यातल्याच एका जाणकाराला विचारलं, असे इतर गट तू पाहिलेस, त्यांना किती लागली? तो म्हणाला, बऱ्याच जणांचं काम पुरंच झालं नाही, ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. कानेमान यांच्या गटाला आठ लागली. तेव्हा तुमच्या पंचक्रोशीत बँकेच्या परीक्षेला बसलेली पाच मुलं गाठ आणि कितव्या खेपेला निघाली ते विचार. मग बाबांशी बोल.

माझा कल नोकरीकडे आहे, पण एका अटीवर. त्या लॅबमध्ये दोन वर्षांपूर्वी लागलेल्या मुलीला भेट. ट्रेनीला एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, बसवतात का, की वर्षभर काचेची भांडी धुवायला आणि सॅम्पल आणायला ठेवतात? बाँड आहे का, मूळ सर्टिफिकेट ठेवून घेतात का? शिफ्ट कशी, चिपळूणहून कंपनीची बस आहे का? एचपीएलसी हातात मिळत असेल तर जा, पुढे एम.एस्सी.लाही ते कामाला येईल. मिळत नसेल किंवा सर्टिफिकेट मागत असतील, तर मी नको म्हणेन. एक धोकाही लिहून ठेव: पगार सुरू झाला की शिकायला परत येणं जड जातं. त्यामुळे एम.एस्सी.च्या फॉर्मची साधारण तारीख आत्ताच वहीत टाक आणि पगारातून थोडी फी बाजूला काढत जा.

वहीचं पहिलं पान मात्र बाबांचं असू दे. संध्याकाळी पडवीत बसले की विचार, करार करताना त्यांच्या मनात काय काय होतं, आणि ते सांगतील तसं लिही. गेलं वर्षभर त्यांना हे कुणी विचारलं नसेल. लोट्याला काय कळलं ते मला कळव, मी वाट बघते.