बालहक्कांचा प्रगत अभ्यासक्रम: कायद्याची पदवी नसताना झेपेल का, आणि आधी काय तयारी करावी?

तुम्ही विचारलंय की समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण झालंय, मुलांसोबत काही वर्षं कामही केलंय, आता बालहक्कांचा प्रगत अभ्यासक्रम करायचा आहे. कायद्याची पार्श्वभूमी नसताना तो जमेल का आणि सुरुवात कुठून करावी.

जमेल, पण आधी अभ्यासक्रमाची जात ओळखा. काही अभ्यासक्रम निव्वळ कायद्याचे असतात. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय बालहक्कांवरचा एक वर्षाचा एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) या प्रकारचा, आणि तिथे कायद्याचा पाया गृहीतच धरलेला असतो. दुसरे आंतरविद्याशाखीय असतात. त्यांत कायद्याच्या जोडीला समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि सार्वजनिक धोरण येतं. जिनिव्हा विद्यापीठात असा अभ्यास चालतो. तुमच्यासाठी मी दुसरा प्रकार सुचवेन. वेळेचा हिशोबही आधीच करा. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास. म्हणजे १,५०० ते १,८०० तास, चाळीस आठवड्यांत वाटले तरी आठवड्याला चाळीसच्या आसपास. पूर्णवेळ नोकरी सांभाळून हे होत नाही. अर्धवेळ, दोन वर्षांचा पर्याय असेल तर तोच घ्या.

आता वाचन. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेला बालहक्क करार मुळातून वाचा, सारांश नको. एकूण ५४ कलमं आहेत. पहिल्या ४१ मध्ये हक्क आणि राज्यांची (म्हणजे करार मान्य केलेल्या देशांची) कर्तव्यं, पुढे कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी बालहक्क समिती, अहवाल वगैरे कार्यपद्धती. २, ३, ६ आणि १२ ही कलमं सर्वसाधारण तत्त्वं म्हणून शिकवतात. मी त्यात पाचवं जोडेन, कारण मुलाची क्षमता वयानुसार वाढत जाते ही कल्पना तिथे आहे आणि ती नसेल तर बारावं कलम नीट कळत नाही. त्यानंतर समितीच्या जनरल कॉमेंट्स, म्हणजे कराराचा अर्थ उलगडणारी तिची टिपणं, या क्रमानं: ५ (अंमलबजावणी, २००३), १२ (मुलाचं म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्क, २००९), १४ (सर्वोत्तम हित, २०१३), २४ (बालन्याय, २०१९). शेवटच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. २००७ ची दहावी कॉमेंट अजूनही उद्धृत केली जाते, पण तिची जागा चोविसाव्या कॉमेंटनं घेतली आहे. फौजदारी जबाबदारीचं किमान वय जुन्या कॉमेंटमध्ये १२ होतं, नव्या कॉमेंटमध्ये राज्यांना किमान १४ ठेवायला सांगितलं आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकांवर (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांवर) लिहिताना जुना आकडा दिलात तर पुढचा सगळा युक्तिवाद ढासळतो.

कायदा न शिकलेल्यांची खरी अडचण कलमं पाठ नसण्याची नसते. कोणत्या मजकुराचं वजन किती, हे न कळण्याची असते. करार राज्यांवर बंधनकारक आहे. जनरल कॉमेंट म्हणजे समितीनं लावलेला अधिकृत अर्थ. तिला मान मोठा, पण ती स्वतः करार नव्हे. संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं, उदाहरणार्थ मुलांच्या पर्यायी संगोपनाबद्दलची २००९ ची, बंधनकारक नाहीत, तरी युक्तिवादात फार उपयोगी पडतात. हे तिन्ही एकाच दमात ‘कायदा सांगतो की’ म्हणून लिहिलं की परीक्षक तिथेच थांबतो. त्यासाठी करारांच्या कायद्याबद्दलच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराची ३१ ते ३३ ही तीन कलमं वाचा. कराराचा अर्थ कसा लावायचा ते त्यांत आहे. राज्यांनी करार मान्य करताना नोंदवलेली आरक्षणंही, म्हणजे ‘हे कलम आम्हाला लागू नाही’ अशा अटी, तपासा. ज्या कलमावर आरक्षण आहे, त्यावर त्या राज्याला सरसकट बांधता येत नाही.

या अभ्यासाचा गाभा माझ्या मते एकच: ‘बालकाचं सर्वोत्तम हित’ ठरवायचं कसं आणि ते कागदावर मांडायचं कसं. हा शब्दप्रयोग अहवालांत शिक्क्यासारखा उमटतो. ‘बालकाच्या हिताचा विचार करून संस्थेत दाखल करण्यात यावे’, असं लिहिलं की काम संपलं असं धरलं जातं. चौदाव्या कॉमेंटनुसार सर्वोत्तम हित तीन गोष्टी एकाच वेळी आहे: मुलाचा स्वतंत्र हक्क, कायद्याचा अर्थ लावण्याचं तत्त्व आणि निर्णयप्रक्रियेचा नियम. त्या वाक्यात यांतलं काहीच नसतं.

समजा नऊ वर्षांची मुलगी आजीकडे राहते. घरात पैसा कमी, शाळा अधूनमधून बुडते, पण तिला तिथेच राहायचंय. आधी तथ्यं लिहा: शाळा का बुडते, तब्येत कशी आहे, घरात धोका आहे का. मग मुलीचं म्हणणं, शक्यतो तिच्याच शब्दांत. मग पर्याय, आणि किमान तीन हवेत: आजीला आर्थिक मदत देऊन मुलीला तिथेच ठेवणं, दुसऱ्या नातेवाइकाकडे पाठवणं, संस्थेत दाखल करणं. प्रत्येक पर्यायाचा तिची ओळख, नाती, सुरक्षितता, आरोग्य आणि शिक्षण यांवर काय परिणाम होईल ते वेगवेगळं मांडा. पर्यायी संगोपनाची तत्त्वं स्पष्ट सांगतात की केवळ गरिबीमुळे मूल कुटुंबापासून तोडता येत नाही. म्हणून संस्थेची शिफारस करायची असेल तर गरिबीपलीकडचं कारण दाखवावंच लागेल. निर्णय मुलीच्या म्हणण्याविरुद्ध जात असेल तर तो का, हे लिहिणं आवश्यक आहे. शेवटी फेरआढाव्याची तारीख. ‘परिस्थितीनुसार आढावा’ लिहिलं की आढावा होत नाही.

भाषांतराचा एक धोकाही ध्यानात ठेवा. तिसऱ्या कलमात मुलाचं हित हा ‘एक प्रमुख’ विचार आहे, एकविसाव्या कलमात, दत्तकविधानाच्या संदर्भात, तो ‘सर्वोच्च’ विचार आहे. पहिल्यात इतर बाबींशी तोल साधायला जागा आहे, दुसऱ्यात जवळजवळ नाही. मराठीत दोन्हीकडे ‘सर्वोच्च’ वापरलं की हा फरक पुसला जातो, म्हणून मूळ इंग्रजी मजकूर शेजारी ठेवा.

बाराव्या कलमावर लिहिताना वयाची रेघ मारू नका. सात वर्षांखालच्यांना विचारायचं नाही, असं समिती म्हणत नाही. उलट असा वयाचा उंबरठा ठेवू नये असंच तिचं म्हणणं आहे. बोलणं हा हक्क आहे, सक्ती नाही. बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लुंडी यांनी २००७ मध्ये मांडलेली चौकट वापरायला सोपी आहे: बोलायला जागा, व्यक्त व्हायला मदत, ऐकणारा अधिकारी आणि निर्णयावर परिणाम. बहुतेक प्रकल्प पहिल्या दोन गोष्टींवर थांबतात.

तक्रार कशी चालते तेही शिकून घ्या. बालहक्क कराराला जोडलेला तिसरा ऐच्छिक प्रोटोकॉल, म्हणजे तक्रारींसाठीचा पूरक करार, १४ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. तो मान्य केलेल्या राज्याविरुद्ध मूल समितीकडे जाऊ शकतं, पण देशातले उपाय आधी संपवावे लागतात आणि त्यानंतर साधारण एका वर्षात यावं लागतं. हवामानबदलाबाबत १६ मुलांनी पाच देशांविरुद्ध केलेली तक्रार २०२१ मध्ये याच कारणावर, देशांतर्गत उपाय न संपवल्यामुळे, ग्राह्य धरली गेली नाही. आशय कितीही पोटतिडकीचा असला तरी प्रवेशाचा दरवाजा तांत्रिक आहे.

प्रबंधाचा विषय लहान ठेवा. ‘बालमजुरी आणि बालहक्क’ हा विषय नव्हे, ते ग्रंथालय आहे. एक कलम, एक निर्णय घेणारी यंत्रणा, एक कालखंड, एवढं पुरे. मुलांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर नैतिक मंजुरीसाठी काही महिने धरा. पालकांची संमती पुरत नाही, मुलाचा होकार वेगळा घ्यावा लागतो, आणि कोणती गोष्ट गुपित ठेवता येणार नाही हे सुरुवातीलाच सांगावं लागतं. ज्या मुलांची प्रकरणं तुम्हीच हाताळता त्यांच्या मुलाखती घेऊ नका. ती मुलं तुम्हाला नाही म्हणू शकत नाहीत. त्यापेक्षा समितीची राज्यांबद्दलची निष्कर्षात्मक निरीक्षणं, म्हणजे देशांचे अहवाल तपासून तिनं दिलेले अभिप्राय, अभ्यासा. ती खुली आहेत आणि तुलनेला चांगली.

अर्ज करण्याआधी एक काम करा. ओळख पटणार नाही असे बदल करून एक प्रकरण घ्या आणि वरच्या पद्धतीनं दोन पानांत निर्णय लिहा. कुठल्या तरी पर्यायावर लेखणी अडेलच. तो प्रश्न अर्जासोबतच्या हेतुपत्राच्या (स्टेटमेंट ऑफ पर्पज) पहिल्या परिच्छेदात लिहा, ‘मला मुलांसाठी काही करायचं आहे’ या वाक्याच्या जागी.